रामकिसनच्या पायातला काटा

रामकिसनच्या पायावर काट्यांचा फार जीव आहे, असं अनसिंगात सगळे म्हणत. बाभळीखालून सारा गाव गेला तरी काटा रुतायचा तो रामकिसनलाच. हुतूतू ऐन रंगात आलेला असायचा, समोरचा गडी जीव घेऊन पळायचा, रामकिसन त्याच्यामागे सुसाट सुटायचा आणि अर्ध्या वाटेत मटकन खाली बसून तळपाय हातात घ्यायचा.

"काटा रुतला बाप्पा!"

मग थोडा वेळ तो मान खाली घालून बसे. पुन्हा उठे, हसे आणि खेळायला लागे. लोक म्हणत, "पोट्टा गुनाचा हाय, फक्त पाय मऊ हायेत."

काटा काढायचं काम रुख्मिणीकडे असायचं. रुख्मिणी ही त्याच्या मामाची, दौलतरावांची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच दौलतराव आपल्या बहिणीला, चतुराबाईला, म्हणाले होते, "चतुरे, ही तुह्या रामकिसनची." तेव्हापासून दोघांचं लग्न गावाने ठरवूनच टाकलं होतं. रुख्मिणीच्या कमरेच्या पिशवीत काटा काढायचा चिमटा असे. लहान असल्यापासून ती रामकिसनचा पाय मांडीवर घेऊन उन्हाकडे तिरपा धरायची आणि बारकाईने पाहायची. पाहून झालं की चिमटा पिशवीत ठेवायची आणि म्हणायची, "निंगला." निघालेला काटा तिने कधी कोणाला दाखवला नाही. कोणी मागितलाही नाही.

चैत्रात वाशीमकडच्या मालेगावच्या जत्रेत हुतूतूचे सामने होते. रामकिसन शेवटच्या गड्यामागे धावला, आणि या खेपेला खाली बसलाच नाही. सरळ तोंडावर पडला. पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. उघडल्याबरोबर म्हणाला, "काटा रुतला."

चतुराबाईंनी ते लगेच उचलून धरलं. "इखारी असंल बाई! मालेगावचे काटे लय वाईट."

पण दौलतराव तिथेच उभे होते. मोठ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे, दहा जणांत बसून निवाडा करणारे गृहस्थ. ते म्हणाले, "चतुरे, काटा रुतून कोनी बेसुद पडत नाई. याच्या काळजात काई तरी हाय. वाशीमच्या डाक्टरनं छातीवर हात ठेवून सांगावं की पोट्टं बरोबर हाय, मंगच हळद लागंल. नाई तर माही पोट्टी मी दुसरीकडं देईन. इधवा करायसाठी नाई वाढवली तिले."

रुख्मिणी पाठीमागे उभी होती. तिने पिशवीतला चिमटा घट्ट धरला.

इथे तुम्हांला एक गोष्ट सांगून ठेवतो. परीक्षा दोन तऱ्हेच्या असतात. शाळेच्या परीक्षेत आपल्याला जे येत नाही ते झाकायचं आणि जे येतं ते ठळक लिहायचं, अशी पुष्कळांची रीत असते. डॉक्टरच्या परीक्षेत नेमकं उलट आहे. तिथे जे बिघडलं आहे ते झाकलं की माणूस नापास. रामकिसनला आणि त्याच्या आईला ही दुसरी परीक्षा ठाऊक नव्हती. त्यांनी पहिलीचीच तयारी केली.

चतुराबाईंनी मुलाला खाटेवरून खाली पाय ठेवू दिला नाही. सकाळी दूध, दुपारी तूप, संध्याकाळी दोन्ही. पाणी प्यायला उठला तरी त्या ओरडत, "कायले उठतं? दम खर्च करून राह्यला का फुकटचा?" बैलगाडीत गादी घातली आणि निघताना तळहातावर दही-साखर दिली. दौलतराव गाडीत पुढे बसले होते, कारण बहीण डॉक्टरला फितवील अशी त्यांना खात्री होती. रुख्मिणीने सोबत येण्याचा हट्ट धरला. "काटा रुतला तर काढीन कोन?" असं म्हणत ती गाडीत चढून बसली.

डॉक्टर फुलचंद हे वाशीमचेच. नागपूरला शिकून आलेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी रामकिसनला बाकावर बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. उत्तरं चतुराबाई देऊ लागल्या.

"लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता?"

"कदीच नाई. वाघासारखा हाय."

"ओठ निळे पडायचे?"

"जांभळं खाल्ली तरच."

"घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं?"

चतुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "याचे वडील गेले ना. चांगले चालत होते बांधावरून, अन् एकदम—"

डॉक्टर सावध झाले, पुढे झुकले. "एकदम छाती धरली?"

"छाती कायले? पाय धरला. पान लागलं त्याईले."

पान लागणे म्हणजे साप चावणे. सापाचं नाव आपल्याकडे सरळ घेत नाहीत. डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "बाई, साप वंशपरंपरेने येत नाही."

मग त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. दोन्ही हातांच्या आणि पायांच्या नाड्या पाहिल्या. सगळं स्वच्छ होतं. चतुराबाईंनी भावाकडे असं पाहिलं, जणू मुलगा तहसीलदार झाला.

"म्हणजे काई नाई ना, डाक्टरसायेब?" दौलतरावांनी विचारलं.

"बसलेला असताना काही नाही. पण तो बसलेला असताना पडला नव्हता ना! मामासाहेब, तुमच्या विहिरीवर मोट आहे?"

"हाय. दोन बैलांची."

"मोट साऱ्या वावराला पाणी देते. पण ती ओढणाऱ्या बैलांनाही पाणी लागतं की नाही?"

"लागते बाप्पा. न पाजता हाकले तर बसतीन."

"आपलं हृदय म्हणजे मोटही तेच आणि बैलही तेच. साऱ्या अंगाला ते रक्त पुरवतं; पण त्याला स्वतःलाही रक्त हवं. त्यासाठी, मोट जिथे रिकामी होते त्या थारोळ्याजवळूनच दोन बारीक पाट निघतात, एक उजवा, एक डावा, आणि मागे वळून हृदयाकडेच जातात. बहुतेक सगळ्यांचे पाट आपापल्या जागी असतात. पण एखाद्याचा पाट आईच्या पोटातच चुकीच्या ठिकाणाहून फुटतो आणि हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळांच्या सापटीतून वाट काढतो. माणूस बसला, जेवला, बाजाराला चालत गेला, तर काही कळत नाही. पळायला लागला की दोन्ही मोठे नळ फुगतात आणि मधला पाट चेपतो. बैलांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच पाणी बंद!"

दौलतराव विचारात पडले. विहीर, पाट आणि बैल या विषयांत त्यांना गावात कोणी गप्प करू शकत नसे. "मंग थो पाट बुजवा अन् दुसरीकून काढा. हाय काय त्यात?"

"पाट दुरुस्त करायला तुम्ही काय करता?"

"मोट थांबवतो."

"ही मोट थांबवता येत नाही."

"मंग तुमाले कसं समजते, पाट वाकडा हाय का सरळ? दिसते का थो?"

"मला इथून दिसत नाही. दूर परदेशात रक्तात रंग सोडून चित्र काढायचे प्रयत्न चालले आहेत, असं वाचतो. आपण वावर बघून ओळखायचं. कोणता वाफा सुकतो, केव्हा सुकतो आणि केव्हा पुन्हा ओला होतो, ते पाहायचं. ओळखलं तरी शंकाच म्हणायची, खात्री नाही."

दौलतरावांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. त्यांनीही अनेक पाट असेच पकडले होते.

डॉक्टरांनी कोपऱ्यातली बॅटरीवर चालणारी एक लाकडी पेटी उघडली. आत काट्यांचं घड्याळ असावं तसं काही होतं आणि त्याला तारा होत्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जी बारीकशी वीज निर्माण होते, तिची रेघ हे यंत्र कागदावर उमटवतं. रामकिसनला आडवं करून हातापायांना पट्ट्या बांधल्या. चतुराबाई खाटेची कड धरून उभ्या राहिल्या. मुलाला झटका बसलाच तर निम्मा आपल्याला यावा, असा त्यांचा हिशोब होता. झटका कोणालाच बसला नाही. कागद बाहेर आला. त्यावर सारख्या उंचीचे डोंगर आणि मधे सपाट माळ.

"हा झाला बसलेल्या बैलांचा कागद," डॉक्टर म्हणाले. "आता कामाला लावू."

त्यांनी एक लाकडी घडवंची मधोमध ओढली. तिला या बाजूने दोन पायऱ्या आणि त्या बाजूने दोन. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं. डॉक्टर टाळ्या वाजवतील त्या वेगाने. "आणि छातीत जरासं जरी दुखलं, तरी थांबायचं आणि मला सांगायचं. समजलं?"

"हो जी," रामकिसन म्हणाला, आणि त्याने समोरच्या खुर्चीवर बसलेल्या मामाकडे पाहिलं.

टाळ्या सुरू झाल्या. रामकिसन चढला, उतरला, आणि समोर मामा! होणारे सासरे, त्यांच्यापुढे उंचावरून उतरून तसंच पाठ फिरवून कसं जायचं? त्याने वाकून हात जोडले. "रामराम मामाजी."

"रामराम," दौलतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

तो वळला, चढला, पलीकडे उतरला, पुन्हा अलीकडे आला. "रामराम मामाजी."

"रामराम, रामराम. सुखी राहा."

डॉक्टरांच्या टाळ्या पुढे निघून गेल्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा रामराम. एका फेरीत दौलतरावांनी घरच्या म्हशीची खुशालीही विचारली. चतुराबाई कौतुकाने म्हणाल्या, "वळन पाहा पोराचं! लेकराले दम लागला तरी रीत सोडत नाई."

"त्याला दम लागतच नाहीये, बाई!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "प्रत्येक रामरामला तो विसावा घेतोय!"

तरी त्यांनी त्याला आडवा करून कागद काढला. डोंगर तसेच, माळ तसाच. चतुराबाईंनी पदराची गाठ सोडली आणि गुळाचे खडे वाटायला सुरुवात केली. पहिला खडा भावाच्या तोंडात कोंबला. "घे! हळदीचा दिवस सांग आता."

"बाई, गूळ थांबवा," डॉक्टर म्हणाले. "हा कागद पोराचा नाही, मामांना घातलेल्या रामरामचा आहे. मामासाहेब, तुम्ही कृपा करून भिंतीकडे तोंड करून बसा."

"मी?"

"तुम्ही."

दहा जणांत निवाडा करणारे दौलतराव, तोंडात गूळ धरून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे वळले. रुख्मिणीला हसू आलं. तिने पदर तोंडावर घेतला. पण डोळे रामकिसनवरून हलवले नाहीत.

या वेळी टाळ्या जोरात पडू लागल्या. रामकिसन चढत होता, उतरत होता, वळत होता. कपाळ ओलं झालं. चतुराबाई भावाच्या पाठीला बातमी देत होत्या, "दादा, घोडा हाय घोडा!" भिंतीकडून आवाज आला, "मले पाहू तर दे!"

आणि अचानक रामकिसन खालच्या पायरीवर मटकन बसला. तळपाय हातात घेतला. चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं.

"काटा रुतला."

सगळ्यांची धावपळ झाली. चतुराबाई जमिनीवर बसून हाताने चाचपडू लागल्या. दौलतराव भिंत सोडून वळले आणि ओरडले, "काटा? दवाखान्यात? झाडता का नाई तुमी?" डॉक्टरही क्षणभर गोंधळले. आपल्या दवाखान्याच्या स्वच्छतेचा त्यांना अभिमान होता. ते भिंग घेऊन रामकिसनच्या तळव्यावर वाकले. "कुठे? इथे? की इथे?" रामकिसन श्वास सावरत म्हणाला, "तठीच... असंल कुठं तरी."

रुख्मिणी चिमटा काढायला पुढे आली नाही. तिने एकदा बापाकडे पाहिलं. आता बोललं तर लग्न मोडणार, हे तिला दिसत होतं. न बोललं तर काय होईल, ते तिने मालेगावच्या जत्रेत पाहिलं होतं.

"डाक्टरसायेब," ती म्हणाली, "पाय सोडा. त्याले लवकर आडवं करा अन् तारा बांधा."

"अगं, काटा—"

"काटा नाई. काटा कदीच नव्हता. लहानपनापासून पाह्यते मी थो पाय. एक काटा निंगला नाई त्यातून. धावला की त्याच्या छातीत दुखते अन् थो पाय धरते. लवकर करा, मंग थांबते थे दुखनं!"

रामकिसन म्हणाला, "रुख्मे, काहून सांगून राह्यली?"

"तुह्या तेराव्याचं जेवन नाई जेवाचं मले, म्हनून!"

डॉक्टरांनी भिंग फेकलं. त्यांनी रामकिसनला उचलूनच खाटेवर टाकलं, पट्ट्या आवळल्या, पेटी सुरू केली. कागद सरकू लागला. डोंगर होते, पण मधला माळ आता सपाट नव्हता. खचला होता, पुराने बांध वाहून जावा तसा. डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने कागद काढत राहिले. हळूहळू माळ वर आला आणि पहिल्यासारखा सपाट झाला. रामकिसनच्या अंगाला रंग आला.

"वाफा सुकला आणि पुन्हा ओला झाला," डॉक्टर म्हणाले. "शंका खरी दिसते."

दौलतरावांनी तोंडातला उरलेला गूळ गिळला. "सोयरीक मोडली."

"दादा!" चतुराबाई म्हणाल्या.

"मोडली म्हनतो ना!"

"बाबा," रुख्मिणी म्हणाली, "मी खरं सांगतलं म्हनून मोडली. गप राह्यली असती तर तुमीच हळद लावली असती अन् थो पुढच्या जत्रेत मेला असता. मंग खऱ्याचं हे फळ का?"

निवाडा करणाऱ्या माणसाला असा प्रश्न फार अडचणीचा असतो. दौलतरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "तुमी सांगा. जगते का थो?"

"वचन मी देणार नाही. तुमच्याबद्दलही देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "इतकं सांगतो. तो फक्त जोरात पळतानाच पडलाय. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, हुतूतू कायमचा बंद. चालावं, पेरावं, हिंडावं. दुखू लागलं की बसावं. असं वागला तर पुष्कळ वर्षं काढण्याची आशा आहे. पण त्याला एक औषध लागेल, ते माझ्याकडे नाही."

"कोठी भेटते? नागपूरले? मुंबईले? पैशाची फिकीर नाई!" दौलतराव उठून उभे राहिले.

"काटा नाही हे ज्याला कळतं, असं एक माणूस त्याच्याजवळ चोवीस तास हवं. असं माणूस साऱ्या तालुक्यात एकच आहे, आणि ते तुम्ही दुसरीकडे देणार आहात."

दौलतराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग रामकिसनकडे बोट करून ओरडले, "आबे, पळशील तर याद राख!"

"नाई पळत मामाजी," रामकिसन आडव्या आडव्याच म्हणाला. "रामराम."

लग्न वैशाखात झालं. डॉक्टरांना मानाचं बोलावणं होतं. पेटीही सोबत आणा, असा दौलतरावांचा निरोप होता. ती त्यांनी मांडवात उंच पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

अक्षता पडल्या, आणि डफडं इतक्या जोरात वाजलं की मांडवाबाहेर रुखवताच्या गाडीला जुंपलेला बैल बुजला. लाडू, करंज्या, पापड, सगळं घेऊन गाडी ओढ्याच्या रस्त्याने उधळली. आजवर गावात बैल उधळला की एकच माणूस धावत असे. सवयीने सगळ्यांच्या माना रामकिसनकडे वळल्या. आणि सवयीनेच रामकिसनने बाशिंगासकट एक पाय उचलला.

"काटा!" रुख्मिणी ओरडली.

रामकिसन जागच्या जागी पाटावर बसला.

मग धावलं कोण? दौलतराव. फेटा सोडून, चपला टाकून, मिशा वाऱ्यावर उडवत ते गाडीमागे गेले. पार ओढ्यापाशी बैलाची शिंगं धरून त्याला माघारी आणलं. मांडवात आले ते धापा टाकत. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मटकन खाली बसून तळपाय हातात घेतला.

"काटा रुतला," ते म्हणाले.

डफडं थांबलं. डॉक्टरांच्या हातातला लाडू हातातच राहिला. रुख्मिणी मुंडावळ्या मागे सारत धावत आली. "आडवं करा बाबाले! तारा बांधा!"

"अवो, खरंच काटा हाय!"

"हेच म्हनते सगळे," रामकिसन गंभीरपणे म्हणाला आणि त्याने मामांचे खांदे धरून त्यांना सतरंजीवर लोळवलं.

पट्ट्या बांधल्या. पेटी सुरू झाली. दौलतराव ओरडत होते, सगळा मांडव कागदाकडे पाहत होता. डोंगर उंच आले, माळ सपाट आला. डॉक्टरांनी पुन्हा कागद काढला. पुन्हा सपाट. तोवर पायाकडे कोणीच पाहिलं नव्हतं. शेवटी चतुराबाईंनी तो पाय मांडीवर घेतला, रुख्मिणीच्या पिशवीतला चिमटा घेतला आणि बोटभर लांब बाभळीचा काटा ओढून उन्हात धरला.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुह्या काळजात काईच नाई रे. पायातच हाय."